आकडा कसा लावावा : भिंगारच्या होतकरूंसाठी प्राथमिक धडे

मटक्याचा आकडा लावायचा म्हटलं की नवशिके आधी खिशात हात घालतात. एवढी घाई बरी नव्हे. आधी आकडा काढावा लागतो, आणि त्या कामी भिंगारएवढी सोय नगर जिल्ह्यात दुसरीकडे नाही. औरंगजेब इथेच वारला, १७०७ साली. एक, सात, शून्य, सात मिळून पंधरा. शेवटचा आकडा घ्यायचा, म्हणजे पंजा. वारला तेव्हा वय ८८, ही आयती जोडी. शेजारच्या किल्ल्यात नेहरूंना आणून ठेवलं १९४२ साली. बेरीज सोळा, म्हणजे छक्का. एकाच गावातून निघालेले हे आकडे एकमेकांशी जुळत नाहीत म्हणून खट्टू होऊ नका. त्यातला एखादा कधीतरी लागतोच, आणि जन्मभर लक्षात राहतो तोच. इतिहास आवडत नसेल तर पाथर्डी रोडला उलटलेल्या टेम्पोचा नंबर, विजेच्या मीटरचं रीडिंग, सासऱ्यांनी स्वप्नात येऊन दाखवलेली बोटं, काहीही चालतं. (सासरे हयात असतील तर बोटं दोनदा मोजावीत.)

धंद्याचा इतिहासही पाठ असलेला बरा. हरल्यावर बोलायला विषय लागतो. न्यूयॉर्कच्या कापूस बाजारात उघडताना आणि बंद होताना जो भाव फुटे, तो तारेनं मुंबईला येई आणि त्याच्या आकड्यांवर पैजा लागत. ओपन आणि क्लोज हे शब्द तिथले. शेवगाव-पाथर्डीचा शेतकरी आपल्या कापसाला काय भाव मिळतो म्हणून ताटकळलेला, आणि मुंबईत परक्या कापसावर लोकांचे पगार उडत होते. १९६१ साली न्यूयॉर्कहून भाव येणं बंद झालं. गंमत बघा, त्याच साली ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्यात सरकारी मंडळानं घोड्यांवरच्या पैजा घेणारी स्वतःची दुकानं उघडायला सुरुवात केली. आपल्याकडे ती जबाबदारी किराणा दुकानदारानं उचलली. कच्छहून आलेल्या कल्याणजी भगत यांनी १९६२ मध्ये वरळीत, आणि फाळणीत कराचीहून आलेल्या रतन खत्री यांनी १९६४ मध्ये, कापसाशिवायच कापसाचा भाव काढायला घेतला. आधी मडक्यात चिठ्ठ्या होत्या, पुढे पत्ते आले. खत्रींना आणीबाणीत तुरुंगवास घडला. त्याच सुमारास, १९७५ साली, त्यांच्यावर बेतलेलं पात्र ‘धर्मात्मा’ सिनेमात पडद्यावर आलं. नवशिक्यानं एवढं ध्यानात ठेवावं की सिनेमा खेळवणाऱ्यावर निघाला, खेळणाऱ्यावर नाही.

आकडा निघतो कसा, तेही सांगतो. राजा, राणी, गुलाम बाजूला काढायचे आणि उरलेल्यांतून तीन पत्ते ओढायचे. समजा पंजा, सत्ता, नव्वा आले. हे झालं पान. बेरीज एकवीस, म्हणून ओपन एक्का. पुन्हा तीन पत्ते, तो क्लोज. दोन्ही मिळून जोडी. संपलं. याहून अवघड ते चौथीचं गणित.

खरा अभ्यास भावाचा. अंकाला रूढ भाव एकास नऊ, जोडीला एकास नव्वद. नव्या माणसाला हे ऐकून भोवळ येते: दहा रुपयांचे नव्वद! आता बिनधोक पद्धत शिकवतो. शून्यापासून नव्वापर्यंत दहाही अंकांवर दहा-दहा रुपये लावा. एक लागणारच, साक्षात ब्रह्मदेव आला तरी चुकणार नाही. शंभर गेले, नव्वद आले. जोडीतही तेच: शंभरच्या शंभर जोड्यांवर एकेक रुपया ठेवा, नव्वद परत घ्या. हमखास जिंकून दहा रुपये गमवायची अशी सोय दुसऱ्या कुठल्या धंद्यात असेल तर कळवा. ‘चार्ट’ विकणारे पंडित, जुने आकडे वहीत उतरवणारे मास्तर, ‘आज फिक्स’ म्हणून कानाशी लागणारे मित्र यांच्यापैकी कुणालाही हे दहा रुपये परत आणता आलेले नाहीत. ते भावातच कापलेले असतात, आणि पत्ते ओढण्यात कसलीही लबाडी नाही असं धरून चाललात तरी कापलेलेच असतात.

टपरीवरचे रीतिरिवाज थोडक्यात. आवाज खाली ठेवावा. चिठ्ठी वाचून गिळण्याएवढी लहान असावी. धाड पडली तर दुसऱ्या दिवशी पेपरात ‘रोख रक्कम व मटक्याचे साहित्य’ जप्त झाल्याचं छापून येतं. साहित्य म्हणजे पेन आणि कागद. गुन्हा १८८७ च्या जुगार प्रतिबंधक कायद्याखाली. त्याच राज्यात पुण्याच्या किंवा महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर, तिकीट काढून, घोड्यावर पैसे लावता येतात. घोड्याला लायसन आहे, पत्त्याला नाही. हा अन्याय वाटत असेल तर वकिलाला भेटा, बुकीला नको. हल्ली चिठ्ठीऐवजी मोबाइल आला. संसदेनं २०२५ साली पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणली. मटक्याचा भाव मात्र एकास नऊ तो नऊच.

शेवटी गृहपाठ. महिनाभर रोजचा आकडा फक्त वहीत लावा. पैसे टपरीवर न देता घरच्या डब्यात टाका, आणि आकडा लागला की एकास नऊप्रमाणे त्याच डब्यातून काढून घ्या. महिनाअखेर डबा मोजा. जे शिल्लक असेल ती बुकीची कमाई. घरात ज्याला गरज असेल त्याला देऊन टाका.