वाक्यात उपयोग करा

इंग्रजी डिक्शनरीतल्या उदाहरणवाक्यांत जी माणसं राहतात, त्यांच्यात सुखी माणूस औषधालाही सापडायचा नाही. कुणाची गाडी चुकलेली, कुणाची नोकरी सुटलेली, आणि बाहेर बाराही महिने पाऊस. ‘रिग्रेट’पाशी एका बाईला लग्न केल्याचा पस्तावा होतो, ‘सडनली’पाशी ती रडायला लागते. घटस्फोट मात्र ‘डी’मध्येच उरकलेला असतो. वर्णक्रमाने संसार करायचा म्हटलं की असंच होणार.

या मंडळींशी माझी ओळख जरा उशिराच झाली. आमच्या वेळी इंग्रजी पाचवीपासून. गुरुजी फळ्यावर डावीकडे शब्द लिहीत, उजवीकडे अर्थ. आपण उतरवून घ्यायचं आणि घोकायचं. अडलंच तर घरी वीरकरांची डिक्शनरी होती. कॉलेजात गेल्यावर सरांनी ‘लर्नर्स डिक्शनरी’ घ्यायला सांगितली, म्हणून अण्णांबरोबर अप्पा बळवंत चौक गाठला. अण्णांनी पुस्तक पुढून चाळलं, मागून चाळलं.

“अहो, यात मराठी कुठाय?”

“ही इंग्लिश-टू-इंग्लिश आहे, काका.”

“ज्याला इंग्रजी येतं तो ही घेईल कशाला? आणि ज्याला येत नाही तो वाचेल कशी?”

दुकानदाराने निमूटपणे दहा टक्के सूट दिली.

अण्णांना उत्तर द्यायला तिथे मायकेल वेस्ट हवे होते. हे गृहस्थ ढाक्याला शिक्षकांच्या कॉलेजात होते. बंगाली पोरांना इंग्रजी वाचताना कुठे ठेच लागते ते त्यांनी जवळून पाहिलं होतं. 1935 साली त्यांनी एंडिकॉट यांच्याबरोबर एक डिक्शनरी काढली. तिच्यात सुमारे 24,000 नोंदी अवघ्या 1,490 सोप्या शब्दांत समजावल्या होत्या. म्हणजे तेवढं भांडवल जमवलं की बाकीचं इंग्रजी आपोआप दारात. त्याआधी 1755 साली डॉ. जॉन्सन यांनी साध्या जाळ्याची व्याख्या अशा जडजंबाल शब्दांत केली होती, की ती ऐकून एखाद्या कोळ्याने धंदा सोडला असता.

हॉर्नबीसाहेबांची गंमत तर और. ते जपानात इंग्रजी शिकवायचे. त्यांची डिक्शनरी 1942 साली टोकियोत छापून आली, म्हणजे इंग्लंड आणि जपान एकमेकांच्या जिवावर उठलेले असताना! युद्ध संपल्यावर, 1948 मध्ये, ती ऑक्सफर्डने काढली. तिच्याच पुढच्या आवृत्त्यांनी आमच्यासारख्यांच्या पिढ्या पोसल्या.

सोपेपणाची एक खोड मात्र आहे. शब्द मोजून वापरायचे म्हटल्यावर झाडझाडोऱ्याचे आणि जलचरांचे फार हाल होतात. ‘एक प्रकारचं झाड’, ‘एक प्रकारचा मासा’, की संपलं. पापलेट आणि बांगडा दोघेही ‘एक प्रकारचा मासा’ आहेत, हे आमच्या मालवणच्या मावशीला सांगून बघा. पुन्हा जेवायला बोलावणार नाही.

तिथे उदाहरणवाक्यच कामाला येतं. व्याख्या वाचून मान डोलते, पण शब्द डोक्यात घुसतो तो त्या रडणाऱ्या बाईमुळे. हे ओळखून 1987 साली बर्मिंगहॅमच्या जॉन सिंक्लेअर यांच्या चमूने व्याख्याच अख्ख्या वाक्यात लिहिली: अमुक माणूस तमुक करत असेल, तर त्याला असं म्हणतात. त्यासाठी कॉम्प्युटरमध्ये पुस्तकं आणि वर्तमानपत्रं ओतून खऱ्या वापरातली वाक्यं गोळा केली. केवढं कौतुक झालं त्याचं!

आमच्या आईकडे कॉम्प्युटर नव्हता. मी लहानपणी तिला विचारलं होतं, “आई, आगाऊ म्हणजे काय गं?” ती पोह्यांवर खोबरं पेरत होती, आणि माझा हात बशीपर्यंत पोचला होता.

“पाहुण्यांच्या आधी जो बशीत हात घालतो ना, त्याला आगाऊ म्हणतात. वाक्यात उपयोग करून दाखवू?”

नको म्हणायच्या आत तिने तो केला, बाहेरच्या खोलीतल्या पाहुण्यांना नीट ऐकू जाईल अशा आवाजात.