रेवसपासून पाच देश

समुद्राशी नांदगावचा संबंध तसा बेताचाच. शाकंबरी आणि लेंडी या आमच्या दोन नद्या. बहुतेक वर्ष त्या कोरड्या असतात आणि एखाद्या पावसाळ्यात अचानक बाजारपेठेत शिरतात. मोठं पाणी डोळ्यांनी बघायचं तर गिरणा धरणावर जायचं. त्यात मनमाड आमच्याच तालुक्यातलं, म्हणजे पाण्याचा विषय निघाला की नळ किती दिवसांनी येतो इथंच तो थांबतो. अशा ठिकाणी बसून मी समुद्रकिनाऱ्यानं सायकल चालवायचा बेत आखतोय. घरात सध्या मला फारसं कुणी मनावर घेत नाही.

याला कारण आमचा भाचा. तो जर्मनीत असतो. सुट्टीत तो ‘पारेन्झाना’ नावाच्या वाटेवर सायकल चालवून आला. इटलीतल्या त्रिएस्तेकडून निघायचं, स्लोव्हेनियाचा चिंचोळा किनारा ओलांडायचा आणि क्रोएशियातल्या पोरेचला पोहोचायचं. १९०२ साली ऑस्ट्रियाच्या अमलात तिथं छोट्या रुळांची आगगाडी सुरू झाली, १९३५ साली बंद पडली, आणि आता तिच्या बोगद्यांतून सायकली जातात. सगळी वाट जेमतेम सव्वाशे किलोमीटर, आणि देश तीन! आम्ही भुसावळ लाईनवरची माणसं. एखाद्या एक्स्प्रेसला थांबा मिळावा म्हणून इथं निवेदनं दिली जातात. रूळच काढून सायकली फिरवतात हे ऐकून आमच्या कट्ट्यावर थोडा वेळ कुणी बोललंच नाही.

“मामा, तुम्हीपण या की,” भाचा म्हणाला. २०२३ च्या जानेवारीत क्रोएशिया शेंगेनमध्ये आला, सीमेवरची नेहमीची पासपोर्ट-तपासणी उठली, वगैरे. पण त्या शेंगेनमध्ये पहिलं पाऊल टाकायला बँकेचं स्टेटमेंट दाखवावं लागतं, आणि माझं स्टेटमेंट कुणाला दाखवण्याजोगं नाही. मग मी नकाशा काढला. बघतो तर काय, आपल्याच किनाऱ्यावर पाच देश पडलेले.

भाऊच्या धक्क्यावरून लाँचनं रेवसला उतरायचं आणि दक्षिणेला सुटायचं. चौल-रेवदंडा आलं की पोर्तुगाल. १७४० साली मराठ्यांनी तो घेतला, पण खाडीपलीकडच्या कोर्लईत तो अजून पुरता गेलेला नाही. तिथली काही ख्रिस्ती कुटुंबं आजही घरात पोर्तुगीज आणि मराठीच्या मिश्रणातून घडलेली स्वतःची बोली बोलतात. जगात ही बोली दुसरीकडे कुठं नाही. त्रिएस्तेला जाऊन मी काय ऐकणार होतो?

पुढं काशीद, आणि काशीदनंतर चक्क नांदगाव! मुरूड तालुक्यातलं हे नांदगाव थेट समुद्रावर आहे. म्हणजे नांदगावहून निघायचं, गाडी, लाँच, सायकल असं सगळं करायचं आणि नांदगावला पोहोचायचं. तिथं कुणी “कुठून आलात?” विचारलं तर काय सांगावं, हे अजून ठरवलेलं नाही. त्या नांदगावकरांना समुद्र आणि आम्हाला मनमाड, ही वाटणी कुणी केली त्याला एकदा भेटायचं आहे.

मुरूडला ॲबिसिनिया. सिद्दी तिकडून आले, जंजिरा राखून बसले आणि १९४८ साली विलीन होईपर्यंत त्यांचं संस्थान टिकलं. आगरदांड्याला फेरीबोटीत सायकल घालून दिघी, मग श्रीवर्धन, हरिहरेश्वर, बागमांडल्याला पुन्हा बोट, आणि पलीकडे बाणकोट, म्हणजे इंग्लंड. या किल्ल्याचं नाव साहेबांनी फोर्ट व्हिक्टोरिया ठेवलं होतं. राणी व्हिक्टोरिया तेव्हा जन्मलीसुद्धा नव्हती, म्हणजे ही बाई कुणी वेगळीच असावी.

रत्नागिरीला ब्रह्मदेश. इंग्रजांनी १८८५ साली थिबा राजाचं राज्य घेतलं आणि त्याला इथं आणून ठेवलं. त्याच्यासाठी वाडा बांधून झाला १९१० साली, आणि १९१६ साली तो वारला. नजरकैदेतल्या राजालाही घराचा ताबा इतक्या उशिरा मिळतो, हे वाचून आमच्या घराच्या रखडलेल्या बांधकामाबद्दलची माझी तक्रार जरा सौम्य झाली. वेंगुर्ल्याला हॉलंड, म्हणजे सतराव्या शतकातली डच वखार, आता पडकी. रेडीच्या पुढं तेरेखोल: किल्ला खाडीच्या अलीकडे, महाराष्ट्राच्या बाजूला, पण गोव्याचा. १९ डिसेंबर १९६१ पर्यंत इथं खरोखरचा परदेश होता, त्यामुळे पोर्तुगाल आपल्याला दोनदा लागतो. तो मी एकदाच धरला आहे. उगाच फुगवून सांगायचं नाही.

नकाशावर हा रस्ता समुद्राला चिकटून सपाट गेल्यासारखा वाटतो. तसा तो नाही. जांभ्याच्या सड्यावर चढायचं, धापा टाकत वर पोहोचायचं, की लगेच खाडीपर्यंत उतार. जेट्टीवर बोटीची वाट बघायची, पलीकडे उतरायचं आणि पुन्हा चढण. सीमा म्हणजे खाडी आणि व्हिसा म्हणजे बोटीचं तिकीट. रेवस-रेडी सागरी महामार्गाचे या खाड्यांवरचे काही पूल कधीचे व्हायचे राहिलेत. ते होतील तेव्हा आपलंही शेंगेन होईल. कोकणातल्या माणसाला पूल हवेत आणि ते व्हावेत, त्याला रोज बाजारात आणि दवाखान्यात जायचं असतं. मला मात्र त्याआधी जाऊन यायचं आहे. जेट्टीवर सक्तीनं बसायला मिळालं नाही तर हे चढ माझ्याच्यानं व्हायचे नाहीत.

सोबतीला शेजारी तयार झालेत. ते माळकरी आहेत, आणि हरणै-मालवण-गोवा या रस्त्यावर माळकऱ्यानं काय खायचं ही चिंता माझ्यापेक्षा माझ्या बायकोलाच जास्त. तिनं दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी किती दिवस टिकते याचा हिशेब मांडून ठेवलाय. सायकल जुनी, बिनगिअरची. स्टेशनकडच्या मिस्त्रीनं ब्रेकची रबरं बदलली, चाक फिरवून पाहिलं आणि विचारलं, “जाल तर खरं. पण त्या ब्रह्मदेशाहून परत कसे येणार?”

मी तोंड उघडायच्या आत शेजारी म्हणाले, “एसटीनं. कंडक्टर भला असला तर सायकल टपावर टाकू देतो, मी डेपोत चौकशी केलीय.”