केळ्याची निर्दोष मुक्तता

आमच्या घरात मला दम लागला की आधी पंप शोधत नाहीत, आधी गुन्हेगार शोधतात. "काल रात्री केळं कोणी खाल्लं?" हा आईचा सवाल स्वयंपाकघरातून येतो आणि मी बाहेर शिट्ट्या वाजवत उत्तर जुळवत बसतो. दमा मला छत्तिसाव्या वर्षी जडला. तेव्हापासून दही, ताक, पेरू, काकडी आणि माठाचं पाणी ही मंडळी आमच्याकडे जामिनावर आहेत. केळ्याला तर थेट तडीपारच केलं होतं.

दम्याच्या जोडीला नाक. नाकात कोंब वाढलेले, त्यामुळे वास येणं जवळजवळ बंद. दूध करपून पातेलं काळं झालं तरी मी शेजारीच पेपर वाचत बसलेला असतो. बायकोच्या मते हा आजार नाही, सवलत आहे.

तर दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या साफसफाईत लोखंडी कपाट सरकवताना कंबरेत उसण भरली. मी काटकोनात अडकलो. शेजारचे काका धावून आले. काका बँकेतून निवृत्त आहेत आणि बिस्किटांच्या जुन्या डब्यात त्यांचा समांतर दवाखाना चालतो. त्यातली एक अर्धी कापलेली पट्टी काढून ते म्हणाले, "अरे, घे ही. मी कित्येक वर्षं घेतोय. फक्त उपाशीपोटी घेऊ नकोस." आपल्याकडे दुसऱ्याला गोळी देताना घालायची एवढी एकच अट आहे. ती पाळली की देणारा मोकळा.

मी पोटभर श्रीखंडपुरी जेवून गोळी घेतली. चाळीसेक मिनिटांत नळ सुटावा तसं नाक वाहू लागलं, डोळे लाल झाले, चेहरा तापला आणि छाती आवळत गेली. पंप ओढला, पुन्हा ओढला, उपयोग शून्य. कंबर थांबली की नाही हे बघायलाही सवड नव्हती. रिक्षात घातलं. रिक्षावाल्याने आरशातून माझ्याकडे पाहिलं आणि कळवळून विचारलं, "साहेब, केळं खाल्लं होतं का?"

दवाखान्यात ऑक्सिजन लावला, वाफ दिली, इंजेक्शन टोचलं. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "काय घेतलं होतं यांनी?"

"श्रीखंड," आई तत्परतेने म्हणाली.

"आजी, खाल्लं काय ते नाही. घेतलं काय?"

या एका क्रियापदाने माझा खटला फिरला. काकांची पट्टी मागवली. त्यात डायक्लोफेनॅक आणि पॅरासिटामॉल अशी जोडगोळी होती. पॅरासिटामॉल त्यातला सज्जन. नेहमीच्या मात्रेत तो माझ्यासारख्यांना बहुधा त्रास देत नाही. पण संगत वाईट! पट्टीवर, डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकू नये, असं इंग्रजीत छापलेलं होतं. काकांनी विकली नव्हतीच म्हणा, प्रेमाने दिली होती.

मग बाईंनी कागदावर आकृती काढून समजावलं. मला ते विसर्जनाच्या दिवशीच्या पुण्यासारखं समजलं. शरीरात ॲराकिडोनिक आम्ल नावाचा कच्चा माल असतो. त्याला दोन रस्ते. एका रस्त्याने प्रोस्टाग्लँडिनं तयार होतात. वेदना आणि सूज वाढवण्यात त्यांचा हात. ॲस्पिरिन, आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक या गोळ्या त्या रस्त्यावर नाकाबंदी करतात. पण त्यातलंच एक प्रोस्टाग्लँडिन दुसऱ्या रस्त्यावर हवालदारासारखं उभं राहून गर्दी आवरत असतं. गोळीने तोही हलतो. मग काही जणांत दुसऱ्या गल्लीत ल्यूकोट्रायीन नावाची वरात बेफाम घुसते आणि श्वासनळ्या आकसतात, सुजतात. नाकाबंदी हा शब्द पोलिसांनी माझ्यासाठीच काढला असावा.

म्हणजे ही एका कंपनीची किंवा एका गोळीची ॲलर्जी नव्हे. रस्ता तोच अडवणाऱ्या साऱ्या घराण्याशी माझं वाकडं आहे. आडनाव बदलून आली तरी. प्रौढ वयातला दमा, नाकातले कोंब आणि या गोळ्यांनी उठणारा झटका, या त्रिकुटाला सॅम्टर यांचं नाव आहे, कारण त्यांनी आणि बिअर्स यांनी 1968 मध्ये ते नीट मांडलं. त्याआधी 1922 मध्येच पॅरिसच्या विदाल यांनी असा रुग्ण नोंदवला होता. ॲस्पिरिन 1899 मध्ये बाजारात आली, आणि ती मुळात काम कशी करते हे जॉन व्हेन यांनी दाखवलं 1971 मध्ये. तोवर जग बहात्तर वर्षं ती निर्धास्त गिळत होतं. काकांना मी उगाच नावं ठेवतो.

दमेकऱ्यांनी लगेच घाबरू नये. प्रौढ दमेकऱ्यांत शंभरातल्या साधारण सात जणांना हा प्रकार असतो. दमा तीव्र असेल तर प्रमाण दुपटीच्या आसपास जातं. बाकीचे गोळी घेऊन सुखाने झोपतात. आणि हृदयासाठी रोज दिलेली ॲस्पिरिन माझा हा लेख वाचून कोणी परस्पर बंद करू नये. ते डॉक्टरांना विचारायचं, मला किंवा काकांना नाही.

आता माझ्या पाकिटात आधारकार्डापुढे एक चिठ्ठी असते. दात काढायला गेलो तरी आधी ती दाखवतो. मेडिकलवाला अंगदुखीचं काही देऊ लागला की घटक वाचून दाखवायला लावतो, मलमाच्या ट्यूबवरचेसुद्धा. मागे उभी असलेली रांग माझ्याविषयी काय बोलते ते मला ऐकू येतं. कान शाबूत आहेत.

काकांना सगळं सविस्तर सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "असेल बाबा. पण श्रीखंड आंबट होतं."

केळं मी आता रोज सकाळी आईसमोर बसून खातो. ती पंप हातात धरून बसते.