नाव ॲडमिन, पासवर्डही ॲडमिन

फायबरवाला येतो, भिंतीला भोक पाडतो, राउटर टांगतो, मोबाइलवर स्पीड दाखवतो आणि निघतो. वायफायला नाव कुलदैवताचं, पासवर्ड धाकट्याची जन्मतारीख. घर खूश.

आणि खुद्द राउटरचा पासवर्ड?

तो वेगळा असतो, हेच बहुतेक घरांना ठाऊक नाही. वायफायचा पासवर्ड इंटरनेट वापरायला लागतो, राउटरचा पासवर्ड राउटरवर हुकूम चालवायला. ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ टाका, मग नाव ॲडमिन, पासवर्डही ॲडमिन. उघडलं? मग तुम्ही ज्याला ज्याला वायफाय दिलंत, त्या प्रत्येकाला ते उघडेल. रिमोट मॅनेजमेंट, म्हणजे राउटर दुरून चालवायची सोय, चालू असेल, तर परदेशात बसलेल्यालाही.

आत शिरलेला करतो काय? डीएनएसची, म्हणजे इंटरनेटच्या पत्तावहीची, एक नोंद बदलतो. तुम्ही बँकेचा पत्ता अचूक टाइप करता आणि भलत्याच पानावर पोचता. ब्राउझर बहुधा इशारा देतो, पण घाईत तो वाचतो कोण?

‘माझ्याकडे चोरण्यासारखं आहेच काय?’

हा प्रश्न आता पुरे झाला. चोराला तुमचं यंत्र हवं असतं. २०१६मध्ये ‘मिराई’ नावाच्या प्रोग्रॅमने जगभरातले लाखो कॅमेरे, डीव्हीआर आणि राउटर ताब्यात घेतले. हत्यार काय होतं? कंपन्यांनीच दिलेल्या साठेक नाव-पासवर्डांची यादी! अशा यंत्रांच्या फौजेने २१ ऑक्टोबरला डीएनएस सांभाळणाऱ्या ‘डाइन’ या कंपनीवर मारा केला आणि अमेरिकेत ट्विटर, नेटफ्लिक्स तासन्‌तास कोलमडले. मिराई लिहिणारी तिघं जेमतेम विशीतली पोरं होती. पुढच्या वर्षी त्यांनी गुन्हा कबूल केला.

ताब्यात गेलेली यंत्रं कुणाची होती? तुमच्याआमच्यासारख्यांचीच.

हे सगळं दूरदेशीचं वाटतंय? जुलै २००८मध्ये अहमदाबाद स्फोटांच्या काही मिनिटं आधी धमकीचा ईमेल आला. माग निघाला थेट नवी मुंबईच्या सानपाड्यात, एका अमेरिकी रहिवाशाच्या वायफायपर्यंत. ईमेल त्याचा नव्हता. वायफाय बंदोबस्ताशिवाय होतं, म्हणून एटीएसच्या चौकशीला मात्र त्यालाच तोंड द्यावं लागलं.

दोष एकट्या ग्राहकाचा नाही. एकाच पासवर्डचे हजारो डबे विकणारी कंपनी मोठी दोषी. ब्रिटनने २९ एप्रिल २०२४पासून असे सरसकट पासवर्ड बेकायदा ठरवले. कॅलिफोर्नियाने तर २०२०पासूनच.

आपल्याकडे राउटर लावणाऱ्याला एवढं तरी विचाराच: ‘ॲडमिनचा पासवर्ड बदललास का?’ तो ‘गरज नाही’ म्हणेल. ऐकू नका. स्टुलावरून उतरायच्या आत त्याच्याकडून ते पान उघडून घ्या, नवा पासवर्ड स्वतः टाइप करा आणि घरच्या वहीत लिहून ठेवा. रिमोट मॅनेजमेंट बंद करायला लावा, फर्मवेअर, म्हणजे राउटरमधलं सॉफ्टवेअर, अपडेट करून घ्या. राउटर आधीच लागलेला असेल, तर हे काम आज रात्रीच उरका.