हलक्या पायांची हौस

रायपूरच्या बूढ़ापाऱ्यात, तलावाच्या मधोमध, विवेकानंदांचा ३७ फुटी पुतळा ध्यानस्थ बसला आहे. तो हलत नाही. त्याच्या फोटोला मोबाइल पुरतो. तरी हौशी छायाचित्रकार ट्रायपॉड आणतोच, आणि तोही ‘हलका’ म्हणून कौतुकाने घेतलेला.

काठावरच्या चतुराकडे लेन्स वळली की बिंग फुटते. १:१ मॅक्रोत स्पष्ट दिसणारी पट्टी जेमतेम मिलिमीटरभर. मधला दांडा वर ताणला की गवताआधी कॅमेराच डुलतो. कार्बन फायबर वजन वाचवते, पैसे नव्हे.

जाड पायांचा, जमिनीलगत पसरणारा ट्रायपॉड घ्यावा. खाली पिशवी अडकवावी, पण जमिनीला टेकेल अशी. नाहीतर तीही झोके घेते. दोन सेकंदांचा टायमर फुकट असतो, तो लावावा.

चतुराला थांबवून धरणारा ट्रायपॉड मात्र अजून बाजारात आलेला नाही.