मोरचुदाच्या पोटातलं पाणी

द्रावण करायचं तर आधी कागदावर हिशेब. रेणुभार, मोलॅरिटी आणि लिटरमधलं आकारमान यांचा गुणाकार केला की द्राव्याचं वजन हाती येतं. मोरचूद मात्र या सरळ हिशेबात हळूच काहीतरी मिसळतो. नुसत्या कॉपर सल्फेटचा रेणुभार 159.6, पण बाटलीतले निळेशार खडे पाण्याचे पाच-पाच रेणू कडेवर घेऊन बसलेले असतात, आणि वजनकाटा काही लेकुरवाळीला मुलं खाली ठेवून ये म्हणत नाही. मग रेणुभार होतो 249.7, आणि 0.1 मोलरचं 250 मिलिलिटर द्रावण हवं असेल तर चार ग्रॅमवर भागत नाही, 6.24 ग्रॅम घ्यावे लागतात. वॉच ग्लासवर चमच्याने कण कण टाकत, श्वास रोखून आपण तोलतो, त्यातलं सव्वादोन ग्रॅम पाणीच असतं. आणि ते इतक्या निगुतीने तोलून शेवटी ओतायचं कशात, तर पाण्यात!

बरं, हे पाणी हाताला लागत नाही. खडा कोरडा ठणठणीत. पण परीक्षानळीत तापवा, नळीच्या तोंडाशी थेंब जमतात आणि निळाई ओसरून तळाशी पांढरी भुकटी उरते. वरून थेंबभर पाणी टाकलं की ती पुन्हा निळी होते, शिवाय जराशी ऊबही देते. ज्याला आपण वजनातली भर समजत होतो, त्याच्याच जिवावर हा सगळा रुबाब.

निफाडकडच्या आमच्या मामांच्या द्राक्षबागेत मोरचुदाचा हिशेब फारच सुटसुटीत: एक किलो मोरचूद, एक किलो चुना, शंभर लिटर पाणी. हे एक टक्क्याचं बोर्डो मिश्रण. फ्रान्समध्ये बोर्डोकडचे शेतकरी रस्त्याकडेच्या वेलींवर हा निळा राप चढवत, तो चोरांनी द्राक्षांना हात लावू नये म्हणून. त्या वेलींवर केवडा रोग येत नाही, हे मिलार्दे नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञाने हेरलं आणि 1885 मध्ये जगाला सांगितलं. चोरांचं पुढे काय झालं, याची नोंद विज्ञानाने ठेवली नाही.

मामांना मी एकदा म्हटलं, “मामा, किलोभर मोरचुदात 360 ग्रॅम पाणी असतं. तुम्ही पैसे मोजून पाणी आणता आणि पिंपातल्या पाण्यात ओतता.” मामा बांबूने पिंप ढवळत राहिले. मग म्हणाले, “अरे, दुधातलं पाणी जन्मभर विकत घेतलं. हे निदान सांगून-सवरून घातलेलं आहे!”