केवळ निमंत्रित पक्ष्यांसाठी

नाशिकमधील गंगापूर रस्ता, इंदिरानगर आणि त्यांच्या आसपासच्या वसाहतींत, जिथे बंगल्याच्या किंवा रो-हाऊसच्या मागे एक पेरू, एक कढीपत्ता आणि कपडे वाळत घालायची दोरी मावेल एवढे परस अजून शिल्लक आहे, तिथे गृहस्थांचा एक विशिष्ट वर्ग स्थिरावला असून त्याला रूढ भाषेत पक्षिमित्र म्हटले जाते. या मैत्रीविषयी दुसऱ्या पक्षाचे म्हणणे मात्र अद्याप नोंदवले गेलेले नाही.

या वर्गाचा प्रातिनिधिक पुरुष बहुधा सेवानिवृत्त असतो. (स्त्रियाही या वर्गात आहेत, परंतु पक्षी पाहताना त्या हातातले काम थांबवत नसल्याने त्यांची स्वतंत्र गणना होत नाही.) त्याची नोकरी १९६४ मध्ये मिग विमानांसाठी उभारलेल्या ओझरच्या कारखान्यात झालेली असल्यास तो घारीच्या घिरट्यांतही तांत्रिक दोष काढू शकतो, ती नाशिकरोडच्या नोटांच्या छापखान्यात झालेली असल्यास थव्यातला प्रत्येक पक्षी तो दोनदा मोजतो आणि दोन्ही आकडे जुळेपर्यंत थवा शहराची हद्द ओलांडून गेलेला असतो. त्याच्या गळ्यात ‘आठ बाय बेचाळीस’ची दुर्बीण असते, म्हणजे जिच्यातून वस्तू आठपट मोठी दिसते आणि जिच्या पुढच्या भिंगाचा व्यास ४२ मिलिमीटर असतो, हे आकडे तो पाहुण्यांना चहाच्या आधी सांगतो. कपाटात सालिम अली यांच्या १९४१ साली प्रथम निघालेल्या भारतीय पक्ष्यांवरील ग्रंथाची एखादी नंतरची आवृत्ती असते, आणि बोलण्यात ‘लायफर’ हा शब्द असतो. लायफर म्हणजे निरीक्षकाला आयुष्यात पहिल्यांदाच दिसलेली पक्ष्याची जात. निवृत्तीनंतरच्या पहिल्या महिन्यात, आजवर कधी मान वर करून न पाहिल्यामुळे, कावळा आणि साळुंकी सोडून जवळजवळ सर्वच पक्षी त्याच्यासाठी लायफर ठरतात, आणि हा काळ तो पुढे सुवर्णयुग म्हणून आठवतो.

परसातच पक्षी पाहायचे हा त्याचा आग्रह गैरसोयीतून आलेला नसून स्वाभिमानातून आलेला आहे. निफाड तालुक्यात गोदावरी आणि कादवा यांच्या संगमाजवळ नांदूर मध्यमेश्वरचे पक्षी अभयारण्य आहे. पाणथळ जागांच्या रक्षणासाठी १९७१ मध्ये इराणमधील रामसर या गावी झालेल्या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीत आलेले हे महाराष्ट्रातील पहिले स्थळ असून ती घोषणा २०२० च्या जानेवारीत झाली. हजारो कोसांवरून आलेली बदके तिथे हिवाळाभर उतरतात आणि शहरातले उत्साही लोक रविवारी पहाटे तिकडे धावतात. पक्षिमित्रही एकदा जाऊन आलेला असतो. परंतु सैबेरियाकडचा पक्षी जर नाशिक जिल्ह्यापर्यंत येऊ शकतो, तर त्याने आणखी थोडे पुढे आपल्या परसापर्यंत का येऊ नये, हा प्रश्न त्याला तेव्हापासून पडलेला आहे.

म्हणून तो निमंत्रणाची तयारी करतो, आणि यादीत पहिले नाव चिमणीचे असते. याला स्थानिक अभिमानाचेही कारण आहे, कारण नाशिकच्या मोहम्मद दिलावर यांनी स्थापन केलेल्या नेचर फॉरएव्हर सोसायटीच्या पुढाकाराने २० मार्च २०१० रोजी पहिला जागतिक चिमणी दिन साजरा झाला आणि चिमण्यांसाठी घरटी व दाणापात्रे टांगण्याची प्रथा अनेक घरांत पोहोचली. पक्षिमित्र लाकडी घरटे आणतो. त्याचे भोक सुमारे सव्वा इंचाचे असते, जेणेकरून चिमणी आत जाईल आणि साळुंकी अडेल. हे घरटे तो स्वतःला खुर्चीतून नीट दिसेल अशा पश्चिमेच्या भिंतीवर लावतो, जिथे दुपारी भाकरी भाजता येईल, आणि भाडेकरू आला की नाही हे पाहण्यासाठी दर दोन दिवसांनी भोकातून मोबाइलचा उजेड पाडतो. चिमणी येते, घरटे पाहते आणि विजेच्या मीटरच्या पेटीत संसार थाटते. सव्वा इंचाचा नियम तिने वाचलेला नसतो.

बुलबुलाचे वर्तन याहून उद्धट असते. त्याच्यासाठी जास्वंदीत नारळाच्या करवंटीचे घरटे टांगलेले असते. तो मात्र मागच्या दाराच्या चौकटीला टेकलेल्या, दोन महिने छाटायच्या राहून गेलेल्या मनी प्लांटच्या गुंत्यात वाटीएवढे घरटे विणतो. येथून पुढे घरात आणीबाणी सुरू होते. अंडी उबवायला सुमारे बारा ते चौदा दिवस आणि पिले घरट्याबाहेर पडायला साधारण तेवढेच दिवस लागत असल्याने जवळजवळ महिनाभर मागचे दार बंद राहते, कपडे गच्चीवर जातात, मिक्सर दुपारीच फिरतो आणि नातवाला बॉल खेळायला शेजारच्यांकडे पाठवले जाते. बुलबुल माणसांच्या वर्दळीला सरावलेला असतो, त्याला यातले काही नको असते. पण यजमानाला हवे असते.

या दोन्ही प्रसंगांतले सत्य पक्षिमित्राच्या लक्षात येत नाही, आले तरी ते तो कबूल करत नाही: पक्षी त्याच्या कष्टांसाठी येत नाहीत, त्याच्या आळसासाठी येतात. चिमणी स्वतः दाणे खात असली तरी तिच्या लहान पिलांना अळ्या आणि मऊ कीटक लागतात, आणि ते औषध फवारलेल्या हिरवळीवर मिळत नाहीत. सातभाई आणि दयाळ पाचोळा उलथून खातात. शिंपी पक्षी रुंद पाने कडेने टाचून घरटे करतो, त्यासाठी ती पाने कोणीतरी तोडायची विसरावी लागतात. परसाचा जो कोपरा साफ करण्यावरून गृहिणी दर दिवाळीला कुरकुरते, त्याच कोपऱ्यात पक्ष्यांची खरी गर्दी असते, आणि छायाचित्रे त्याच कोपऱ्याची काढून ती ‘आमची मेहनत’ या मथळ्याखाली व्हॉट्सॲपवर पाठवली जातात.

आदरातिथ्याचा खरा कस दाणापात्राशी लागतो. बाजरी आणि तांदळाच्या कण्या ठेवल्या जातात त्या मुनियांसाठी, पण सर्वांत आधी हजर होतो पारवा, म्हणजे शहरात सर्वत्र दिसणारे करडे-निळसर कबूतर. तो कुटुंबासह येतो, सर्व संपवतो आणि पोच म्हणून कठड्यावर काही ठेवून जातो. त्याच्या वाळलेल्या विष्ठेची धूळ फुप्फुसांना अपाय करू शकते हे खरे आहे, आणि २०२५ मध्ये मुंबईतील कबुतरखान्यांवरून वाद पेटल्यापासून पक्षिमित्राच्या जुन्या द्वेषाला आरोग्यशास्त्राचे अधिष्ठानही मिळाले आहे. कावळ्यालाही असेच हाकलले जाते. फक्त भाद्रपदाच्या वद्य पक्षात धोरण बदलते: ज्याला अकरा महिने पंधरा दिवस काठी दाखवली, त्याच्यासाठी पान वाढून गृहस्थ गच्चीवर हात जोडून उभा राहतो. कावळ्याला ही संधी ओळखता येते, आणि तो त्या दिवशी नेमका शेजारच्या गच्चीवर जेवतो.

ज्या घराची पाळेमुळे निफाड किंवा दिंडोरीच्या द्राक्षबागांत आहेत, तिथे प्रश्न भाऊबंदकीपर्यंत जातो. जानेवारी ते एप्रिल हा द्राक्षांचा हंगाम. बुलबुल आणि साळुंक्या पिकलेले मणी फोडतात, आणि एक फुटका मणी अख्खा घड नासवू शकतो. म्हणून थोरले बंधू बागेवर जाळी ओढतात, चमकीच्या फिती बांधतात, पत्र्याचा डबा बडवायला माणूस ठेवतात. धाकटे बंधू त्याच बागेतून गळालेले मणी पाटीभर घेऊन नाशिकला येतात आणि ताटलीत मांडून त्याच जातीच्या बुलबुलाची वाट पाहतात. “तिकडं मी डबा बडवून हाकलतोय, अन् तू इथं पंगत मांडतोय व्हय रे?” हा थोरल्यांचा प्रश्न होय. “दादा, इथं खाऊन पोट भरलं तर तिकडं कशाला येतील?” असे उत्तर दिले जाते, आणि शहरातला बुलबुल व निफाडचा बुलबुल यांच्यात चाळीसएक किलोमीटरचे अंतर असल्याचे त्या क्षणी कोणीही निदर्शनास आणून देत नाही.

एके दिवशी शिक्रा येतो. शिक्रा हा ससाण्यासारखा दिसणारा लहान शिकारी पक्षी असून दाणापात्रावर जमलेला थवा त्याच्या दृष्टीने वाढलेले ताटच असते. या वेळी पक्षिमित्राच्या तत्त्वज्ञानाची कसोटी लागते, कारण शिक्राही पक्षीच आहे, शिवाय अंगणातला लायफर आहे. चिमणीला वाचवायचे तर टाळी वाजवावी लागते आणि टाळीला दोन्ही हात लागतात. कॅमेऱ्यालाही दोन्हीच लागतात. निर्णय काय झाला हे संध्याकाळी ग्रुपवर आलेल्या स्पष्ट छायाचित्रावरून सर्वांना कळते.

फेब्रुवारीच्या मध्यावर चार दिवस जगभर अंगणातील पक्षिगणना होते. भारत तीत २०१३ पासून सहभागी आहे आणि किमान पंधरा मिनिटे पाहून यादी नोंदवायची असते. एरवी गजबजलेले परस त्या पंधरा मिनिटांत ओस पडते. यादीत पाच पारवे जातात, आणि प्रामाणिकपणा हा या वर्गाचा मोठा गुण असल्याने ते पाचच जातात.

अशा गृहस्थाच्या घरी जाण्याचा योग आल्यास वाचकाने मागच्या दाराने जाऊ नये, पारव्यांची विचारपूस करू नये आणि छाटायच्या राहिलेल्या वेलींविषयी गृहिणीची बाजू घेऊ नये. निघताना मात्र झाडाखालच्या मातीच्या परळात डोकावून पाहावे. त्यात दोन इंच स्वच्छ पाणी पुरते, पण ते रोज बदलावे लागते, नाहीतर डासांच्या अळ्या होतात. परळ कोरडे असल्यास स्वतःच भरावे. एप्रिल-मेमध्ये नाशिकचा पारा चाळिशीला टेकतो, आणि यजमान तेव्हा बहुधा सकाळचे फोटो पाठवण्यात गुंतलेले असतात.